एकशे सत्तेचाळिसावं घर

ही गोष्ट खरी आहे. पटली तर घ्या, नाही पटली तर सोडून द्या. मी कुणाला पटवायला बसलेली नाही.

एवढंच आधी सांगते, की यात मध्यरात्र नाही. अमावस्या नाही. पिंपळ नाही, ओसाड विहीर नाही. जे झालं ते वाशीतल्या एका बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर झालं. भर दुपारी, ट्यूबलाइट चालू असताना.

२० ऑक्टोबर १९८८. गुरुवार. दसरा.

मी सुनीती. तेव्हा सव्वीस वर्षांची होते. आमच्या छोट्याशा एजन्सीत एकच कॉम्प्युटर होता आणि तो मीच चालवायचे. सरकारी खात्यांचे कागद आमच्याकडे यायचे, मी ते कॉम्प्युटरमध्ये भरायचे. त्या वर्षी काम आलं होतं एका गावाच्या घरांचं. गाव ऐरोली आणि दिघ्याच्या मधलं, खाडीकाठचं. नाव मुद्दाम सांगत नाही. तिथली माणसं अजून तिथंच राहतात.

शेतं आणि मिठागरं नवीन शहरासाठी कधीच गेली होती. राहिली होती ती घरं. ज्याचं घर यादीत, त्याचं घर राहणार. यादीत नसलेलं घर अनधिकृत, म्हणजे तोडणार. इतका साधा हिशेब.

घरं होती तीनशे बारा. प्रत्येकाला एक नंबर. मी तीन महिने खपून सगळी भरली होती.

त्यात एकशे सत्तेचाळीस नंबरचं घर पुतळाबाईंचं.

त्या सत्तरीच्या असतील. आयुष्यभर मिठागरात काम केलेलं. टाचा भेगाळलेल्या, हात खरखरीत, आवाज असा की खालच्या मजल्यावर ऐकू यावा. गावात सगळे त्यांना पुतळाकाकी म्हणायचे, मग मीही काकीच म्हणायला लागले. दर आठवड्याला बस पकडून वाशीला यायच्या. थेट माझ्या टेबलापाशी. आणि कॉम्प्युटरच्या पेटीवर बोटाने दोनदा वाजवायच्या.

टक. टक.

"माजं नाव हाय ना गो आत?"

"आहे हो काकी. पण तिच्यावर वाजवू नका. आत फार नाजूक काम असतं."

"वाजवल्याबिगर कसं कलनार तिला, घरचं मानूस आलंय?"

मग एकदा त्यांनीच सांगितलं. त्यांचा नवरा, कान्हा, होडी घेऊन खाडीत गेला होता. खूप वर्षांपूर्वी. परत आला नाही... आणि मिळालाही नाही. घरी आला की तो दार दोनदा वाजवायचा. एकदा वाजलं तर परका, दोनदा वाजलं तर घरचा. आतून काकीही दोनदा वाजवायच्या आणि मग कडी काढायच्या.

"घर तोडलं नि तो आला, तर वाजवंल कुटं?"

मी हसले नाही. खरंच हसले नाही.

"मी मेली तरी माजं नाव काडू नको गो," त्या म्हणाल्या.

"नाही काढणार, काकी."

बोलायला काय जातं? मी बोलून गेले.

भाद्रपदात पुतळाकाकी वारल्या. मूलबाळ नव्हतं. पुतण्याने, पंढरीने, सगळं केलं आणि घराला कुलूप लावलं. पंढरी गावाच्या समितीचा प्रमुख होता.

पंधरा दिवसांनी खात्याकडून आमच्या साहेबांना निरोप आला. मयत, वारस नाही, घर बंद. नंबर एकशे सत्तेचाळीस काढून टाका.

आमचे साहेब नंदकुमार सर. माणूस वाईट नव्हता, पण खात्याच्या शिपायालासुद्धा उठून खुर्ची द्यायचा. ते मला म्हणाले, "मॅडम, काढा. उगाच टेन्शन नको."

मी काढलं.

'राहतात का' असा एक रकाना होता. तिथं 'वाय' होता, म्हणजे होय. मी 'एन' केला. आणि त्या नोंदीवर फुली मारली. त्या वेळच्या आमच्या प्रोग्रॅममध्ये फुली मारलेली नोंद लगेच पुसली जात नसे. आत पडून राहायची. दिसायची नाही, इतकंच.

संध्याकाळी घरी जाऊन जेवलेसुद्धा नीट. ही माझी चूक, आणि ती मी कधी कुणावर ढकललेली नाही.

मग आली खंडेनवमी.

त्या दिवशी हत्यारांची, अवजारांची पूजा असते हे तुम्हाला ठाऊकच आहे. आमचं अवजार कॉम्प्युटर. आमचे शिपाई बंडूकाका, कोकणातले, पन्नाशीचे, देवभोळे. त्यांनी सकाळीच पडद्यावर झेंडूचा हार घातला. नंदकुमार सर म्हणाले, मशीन चालू ठेवा, दिवा लागलेला दिसू दे, त्याशिवाय शोभा नाही.

मी हात धुवायला गेले होते. परत आले तेव्हा बंडूकाकांचा हात वर होता. हातात नारळ.

"बंडूकाका, नको—"

दणकन!

ज्या लोखंडी टेबलावर कॉम्प्युटर चालू होता, त्याच टेबलाच्या कोपऱ्यावर त्यांनी नारळ फोडला.

पेटीतून आवाज आला... खर्रर्र...

सगळे म्हणाले, वा, नारळ अगदी मधोमध फुटला.

हार्ड डिस्क म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. लोखंडी डबी. आत तबकड्या गरगर फिरतात. त्यांच्यावरून एक वाचणारं टोक फिरतं, केसाहूनही कमी अंतर ठेवून. फिरताना दणका बसला की ते टोक तबकडीला घासतं. आणि जिथं घासलं, तिथलं गेलं.

तरी मी म्हटलं, हरकत नाही. फ्लॉप्यांवर दुसरी प्रत आहे. दहा फ्लॉप्या.

कपाट उघडलं. फ्लॉप्या नव्हत्या.

त्या पूजेच्या पाटावर होत्या. ओळीने मांडलेल्या. त्या जुन्या फ्लॉप्यांना मधे एक उघडी खिडकी असायची, आतली तपकिरी चकती दिसायची. बंडूकाकांनी प्रत्येकीच्या बरोबर त्या खिडकीत, ओल्या हळदकुंकवाची पाच-पाच बोटं लावली होती. दहाच्या दहांना. कुणाला कमी नाही.

एकही वाचली नाही.

राहिले मूळ कागद. ते माळ्यावर गठ्ठे बांधून ठेवले होते. खाली काढले. वरचा कागद शाबूत. खाली हात घातला तर... माती. वाळवीने गठ्ठे आतून खाऊन टाकले होते.

छापील यादी शुक्रवारी सकाळी अकरा वाजता खात्यात द्यायची होती. सोमवारी गावात तोडायला माणसं येणार होती. आणि तीनशे बारा घरं आता त्या एका घासलेल्या डबीत होती.

बंडूकाका भिंतीला टेकून खाली बसले. रडत होते. मला रागवायचं होतं, पण रागवता आलं नाही.

नंदकुमार सरांनी कपाळाचा घाम पुसला. "मॅडम, डिस्क साफ करून टाका. खात्याला लिहून देऊ, मशीन बिघडलं. आपण काय करणार?"

"आपण काय करणार म्हणजे? घरं कुणाची जाणार, सर?"

"ते आपलं काम नाही."

"मग कुणाचं?"

ते केबिनमध्ये गेले आणि दार लावून घेतलं.

मी मशीनची वायर काढली आणि फोनला बसले. मुंबईत सुधीर म्हणून माझ्या ओळखीचा इंजिनिअर होता. अर्ध्या तासाने लाइन लागली.

तो म्हणाला, "नीट ऐक. पुन्हा पुन्हा चालू-बंद करून बघू नकोस. प्रत्येक वेळी ती थोडी मरते. रात्रभर थंड होऊ दे. उघडायची तर अजिबात नाही. डिस्कवरून सुरूच करू नकोस, फ्लॉपीवरून सुरू कर. जे सगळ्यात महत्त्वाचं, ते आधी उचल. आणि त्या डिस्कवर एक अक्षरसुद्धा लिहायचं नाही. फक्त वाचायचं. कळलं?"

"आणि फिरलीच नाही तर?"

"तर कडेला हलकी टिचकी मार. कधीकधी अडकलेली सुटते. पण तो शेवटचा उपाय."

संध्याकाळी पंढरी आला. यादीचा कच्चा कागद बघायला. मी त्याच्यापासून काही लपवलं नाही. म्हणजे... फुली सोडून सगळं सांगितलं.

तो पेटीपाशी जाऊन उभा राहिला.

"मशीन मेली काय, म्याडम?"

"मेली नाही अजून. मरतेय."

"मंग मरायच्या आदी विचारून घ्या की तिला. आमी मानसाला बी तसंच विचारतो."

"विचारते," मी म्हटलं. "उद्या दसरा आहे, पण मी येणार. ती यादी मी काढणार, काय वाट्टेल ते होऊ दे."

"काडा. नाय निगाली तरी आमी हटनार नाय. पन कागद असला तर बरं."

दसऱ्याच्या सकाळी साडेदहाला मी ऑफिसात होते. घरी आईने श्रीखंड केलं होतं, दुपारी येते असं सांगून निघाले. बिल्डिंगमध्ये चिटपाखरू नव्हतं. बंडूकाकांनी कुलूप उघडून दिलं आणि खाली जिन्याच्या तोंडाशी स्टूल टाकून बसले. वर यायची त्यांची हिंमत नव्हती. दुसरा जिना नव्हता. म्हणजे वर येणारा प्रत्येक जण त्यांच्यासमोरूनच येणार.

हे लक्षात ठेवा.

एसी लावला. खिडक्या बंद. माझ्या खणातल्या वेगळ्या फ्लॉपीवरून मशीन सुरू केलं. डिस्क फिरू लागली, तिची ती बारीक शीळ आली आणि माझा जीव भांड्यात पडला.

मी रात्री जागून एक छोटा प्रोग्रॅम कागदावर लिहिला होता, तो आता टाइप करून फ्लॉपीवर ठेवला. डिस्कवरची एक नोंद वाचायची, दुसऱ्या फ्लॉपीवर उतरवायची, मग पुढची. फुलीवाल्या नोंदी सोडून द्यायच्या. कारण वरून तसा हुकूम होता.

पहिली नोंद. आली.

दुसरी. आली.

प्रत्येक नोंदीला डिस्क कुरकुरत होती, अडखळत होती, पण देत होती. मी पडद्यावरचा आकडा मोठ्याने म्हणत होते. चाळीस. सत्तर. शंभर. माझा स्वतःचा आवाज ऐकून बरं वाटत होतं.

एकशे चव्वेचाळीस.

एकशे पंचेचाळीस.

एकशे सेहेचाळीस...

आणि थांबली.

टक. टक.

मी कीबोर्डवरून हात काढले.

टक. टक.

बिघडलेली डिस्क असा आवाज करते, हे मला माहीत होतं. पण ती एकसारखी करते. टकटकटकटक, दम न घेता. ही दोनदा वाजवत होती... आणि थांबत होती.

कुणीतरी उत्तराची वाट बघावी तशी.

मी म्हटलं, खराब जागा असेल. सोडू आणि पुढे जाऊ. थेट एकशे अठ्ठेचाळीस मागितली.

टक. टक.

दोनशे मागितली.

टक. टक.

शेवटची, तीनशे बारावी.

टक... टक.

मग वास आला. ओल्या चिखलाचा आणि मिठाचा. वाशीत खाडीचा वास नवा नाही, भरतीच्या वेळी येतोच. पण खिडक्या बंद होत्या. एसी चालू होता. आणि वास खिडकीकडून नाही... माझ्या डाव्या खांद्यामागून येत होता. काकी जिथं उभ्या राहायच्या तिथून.

मी मागे वळले नाही. मशीन बंद केलं. वायर भिंतीतून उपटून जमिनीवर टाकली. सुधीरने सांगितलं होतं, गरम झाली तर थंड होऊ दे. मी तेच करत होते. स्वतःला तेच सांगत होते.

खाली जाऊन बंडूकाकांजवळ बसले. त्यांनी पुडी पुढे केली. कालच्या त्याच नारळाचं खोबरं.

"प्रसाद आहे, बाई."

मी खाल्लं. दात ओठ खाऊन खाल्लं.

"वर कुणी आलं होतं का, काका?"

"नाही हो. मी हललोच नाही इथून."

तासाभराने वर गेले. दोन वाजून गेले होते. एसीची घरघर सोडली तर काही आवाज नाही. मग एसीही बंद झाला. वीज गेली असेल म्हणावं, तर ट्यूबलाइट चालू होती.

इतकं शांत झालं... की माझ्या मनगटावरचं घड्याळ मला ऐकू येत होतं.

टक. टक.

पेटीतून.

वायर जमिनीवर होती. माझ्या पायाशी. मी तिच्याकडे बघत होते.

"कोण आहे?"

कुणी नाही. दार उघडून बघितलं. व्हरांडा मोकळा. परत आले तर कीबोर्डवर काहीतरी पांढरं दिसलं. बोटाला घेतलं. खरखरीत. जिभेला लावलं...

मीठ.

भीती वाटली. खोटं कशाला बोलू? पण त्याच्याही आधी राग आला. काकींचा नाही, माझा स्वतःचा. म्हातारीने माझ्याकडे काय मागितलं होतं? पैसा नाही, जमीन नाही. एक नाव. आणि मी ते खात्याच्या एका ओळीवर, चहा पिता पिता पुसलं होतं.

मी रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हटलं, "काकी, चुकले मी. तुमचं नाव मी काढलं. पण गावाची घरं अडवू नका. तुमच्यासकट सगळी देते. मग खातं आणि साहेब काय करायचं ते करू देत."

टाइप करायचं तर वायर लावावी लागणार होती. लावली. मशीन सुरू केलं. फ्लॉपीवरच्या प्रोग्रॅममधली ती एक ओळ काढली, फुलीवाल्या नोंदी सोडून द्या म्हणणारी.

पण डिस्कची शीळ येत नव्हती.

डिस्क फिरतच नव्हती. अडकली होती.

शेवटचा उपाय.

पेटीजवळ वाकले. आणि पेटीच्या कडेला बोटाने वाजवलं. एकदा नाही.

दोनदा.

टक. टक.

क्षणभर काहीच नाही...

मग आतून हळूच शीळ उठली. चढत गेली.

एकशे सत्तेचाळीस. पुतळाबाई कान्हा. आली. न अडखळता.

एकशे अठ्ठेचाळीस. दीडशे. दोनशे. मला आकडे म्हणायलाही सवड मिळेना. सकाळभर एकेका नोंदीला रडवणारी डिस्क धडाधड देत सुटली होती. चार मिनिटांत तीनशे बारा.

शेवटची उतरली. मी फ्लॉपी बाहेर काढली. त्याच क्षणी पेटीत खर्रर्र झालं आणि शीळ खाली खाली गेली. ती डिस्क त्यानंतर कधीच फिरली नाही. सुधीरने नंतर किती टिचक्या मारल्या, तरी नाही.

खांद्यामागचा वास गेला होता. एसी पुन्हा सुरू झाला होता. कधी, ते मला कळलं नाही.

शुक्रवारी सकाळी आठला मी यादी छापली. प्रिंटर किरकिरत कागद बाहेर ढकलत होता आणि मी एकेक ओळ तपासत होते. एकशे सत्तेचाळीसवर बोट थांबलं.

PUTALABAI KANHA. आणि 'राहतात का' या रकान्यात...

Y.

मी तिथं 'एन' भरला होता. माझ्या या हातांनी. डिस्कवर एक अक्षर लिहिलं नव्हतं, फ्लॉपीवर मी काही बदललं नव्हतं. शाळेतल्या मुलीसारखी शपथ घेऊन सांगते.

नंदकुमार सर आले. त्यांनी यादी चाळली आणि तिथंच थांबले.

"हे काढलं होतं ना?"

"होतं."

"मग?"

"परत आलंय."

त्यांनी खिशातलं पेन काढलं. "खोडा हे. मयत बाई राहते म्हणून लिहून देणार का आपण? वर विचारलं तर काय सांगू?"

"माझं नाव सांगा. खोडणार नाही मी. तुम्हाला खोडायचं तर खोडा, पण मग खाली सही तुमची करा. माझी मिळणार नाही."

"मॅडम, नोकरी जाईल."

"जाऊ दे."

दारात पायांचा आवाज झाला. पंढरी उभा होता आणि त्याच्यामागे जिनाभर गाव. बायका, म्हातारे, सगळे. कुणी ओरडत नव्हतं. नुसते उभे होते. साडेदहा वाजले होते.

सरांनी पेनाला टोपण लावलं.

यादी अकराला पाच कमी असताना खात्यात पोचली. सगळी. एकही ओळ न खोडता.

सोमवारी मी रजा टाकली आणि गावात गेले. का, ते विचारू नका. घरी बसवेना.

सकाळचे दहा. ऊन चांगलं तापलं होतं. तोडायला आलेली माणसं, त्यांचा साहेब, मागे बुलडोझर. साहेब यादी हातात घेऊन घराघरापुढे थांबायचा, नंबर वाचायचा, बरोबरची खूण करायचा, पुढे जायचा. गाव दोन्ही बाजूंना हात बांधून उभं होतं.

"एकशे सत्तेचाळीस. पुतळाबाई कान्हा. राहतात. होय." त्याने वर बघितलं. "मग कुलूप कसं?"

त्याने यादी पुन्हा वाचली.

"पंढरीशेट, इथं कुणी राहत नाही. सरळ दिसतंय. हे मी धरणार नाही." त्याने मागे हात केला. बुलडोझर घरघरला.

पंढरी दारासमोर जाऊन उभा राहिला. "राहते."

"कोण?"

"काकी. वाजवून बगा, साहेब."

साहेब वैतागला. पण चारशे डोळे त्याच्यावर होते. तो पुढे गेला आणि दारावर वाजवलं.

सवयीने, दोनदा.

बुलडोझरवाल्याने इंजिन बंद केलं. का केलं, त्याचं त्याला माहीत. खाडीकडून वारासुद्धा येत नव्हता...

आणि आतून उत्तर आलं.

टक. टक.

कुलूप बाहेरून होतं. मी बघत होते. किल्ली पंढरीच्या गळ्यातल्या दोऱ्यात होती, तीही मला दिसत होती.

साहेबाने हात मागे घेतला, चटका बसल्यासारखा. मग यादीवर खूण केली. रेघ वाकडी आली. "पुढचं घर," तो म्हणाला, आणि त्या गल्लीतून तो जवळजवळ पळतच गेला.

त्या दिवशी गावातलं एकही घर पडलं नाही.

मी पंढरीला बाजूला घेतलं. "खरं सांग. आत कुणाला बसवलं होतंस?"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"कुनाला नाय, म्याडम. आईशप्पत. मी नुसतं येळ काडायला बोल्लो."

कुलूप उघडून आत बघू या, असं मी म्हटलं नाही. त्यानेही म्हटलं नाही.

या गोष्टीला पस्तीसच्या वर वर्षं झाली. मी आता ऐरोलीत राहते. रिटायर झाले. गावाभोवती टॉवर उभे राहिले, गावातल्या घरांचेही तीन-तीन, चार-चार मजले झाले. मधे एक कौलारू घर आहे. कुलूप आहे. पंढरी आता नाही, पण किल्ली त्याच्या घरात आहे आणि दर दसऱ्याला दारापुढे पणती लागते.

उंदीर असतील. लाकूड तापून वाजत असेल. लोकांनी मला सगळं सांगून झालंय. मग त्या 'वाय'चं काय, विचारलं की विषय बदलतात.

ती डिस्क मी फेकली नाही. जुन्या साडीत गुंडाळून कपाटात ठेवली आहे. तिला वायर नाही, काही नाही. लेक म्हणते, आई, भंगारात दे. देणार नाही. वर्षातून एखाद्या दुपारी कपाटातून आवाज येतो. दोनदा. मी स्वयंपाकघरातूनच म्हणते, "आहे काकी, नाव आहे." मग थांबतो.

मागच्या आठवड्यात पंढरीच्या सुनेचा फोन आला होता. गावात पुन्हा घरांची मोजणी होणार आहे. या वेळी बंद घरं धरणार नाहीत, असं म्हणतात.

त्या दुपारपासून कपाट वाजतंय. रोज. मी उत्तर देते... आता ते थांबत नाही.

भीती वाटते. तेव्हा वाटली होती तशीच.

पण मोजणीच्या दिवशी मी सकाळीच जाणार आहे. त्या दारासमोर खुर्ची टाकून बसणार आहे. कोण येईल त्याला सांगणार आहे, बाबा रे, लिहायच्या आधी दार वाजव. दोनदा वाजव.

उत्तर आलं, की मग लिही काय लिहायचं ते.